दांड्याचं झाड

खडकीच्या कारखान्यातून निवृत्त होताना
बाबांनी एकच वस्तू घरी आणली, रीतसर पावती करून:
दीड पौंडाची हातोडी.
डोकं काळं, दांडा मधाच्या रंगाचा,
आणि अंगठा टेकतो तिथे एक गुळगुळीत खळगा,
जो कुठल्याच सुतारानं केलेला नव्हता.

गेल्या दिवाळीआधी दांडा तुटला.
मीच तोडला खरं तर, गॅलरीची जाळी ठोकताना.
बाबा म्हणाले असते, तुटला कुठे, मुडपलाय,
बघ, शेवटपर्यंत धागा सोडला नाही त्यानं.

तुकडा पिशवीत घालून हिंडले.
बोहरी आळीत जुझरभाईंनी तो नखानं खरवडला,
नाकाशी धरला.
हिकरी, म्हणाले. अमेरिकेचं लाकूड. आता येत नाही.
बी मिळेल का, विचारलं.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.
आम्ही दांडे विकतो, बाई. झाडं नाही.

मग सुरूच झालं.
सुक्यामेव्याच्या दुकानात अक्रोड पुढे केला. हाच तो.
नाही हो, म्हटलं, याचा चुलतभाऊ.
चुलते आम्ही ठेवत नाही.
हडपसरच्या नर्सरीत शिंत्र्यांनी वहीत लिहून घेतलं:
हिकोरी, शोभेची, उंची सहा फूट.
मी सहा खोडून ऐंशी केलं.
एका वनस्पतिसंग्रहात कागदाला शिवलेलं वाळकं पान दिसलं,
सालाचा आकडा पुसट, फळाच्या रकान्यात रेघ.
मामेबहिणीच्या सुनेनं ओहायोतून फोटो पाठवला,
अंगणभर बियांचा खच, खारीसुद्धा कंटाळलेल्या.
मावशी, डबाभर पाठवू?
नको गं. परवाना लागतो, रोगमुक्तीचा दाखला लागतो.
आणि नियम बरोबरच आहे,
एखादा किडा त्यातून येऊन आपल्या आंब्याला चिकटला
तर मी कुणाला तोंड दाखवू?

शेवटी बी आलं ते झेलम एक्सप्रेसनं.
शेजारच्या सुभेदारांच्या बिमला कटोच
कुल्लूकडच्या माहेराहून परतल्या,
रुमालाची गाठ सोडून म्हणाल्या, तुमची हिकरी नाही ही,
पण त्याच घरातली. पिकान.
सालासकट. अकरा.

बादलीत टाकली, चार तरंगली.
तरंगतं ते पोकळ, हे मला पुस्तकानं नाही शिकवलं,
बिरड्यासाठी वाल भिजवताना आईनं शिकवलं.
उरलेली सात ओल्या वाळूत, आईस्क्रीमच्या डब्यात,
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या शेजारी.
पुण्याची थंडी स्वेटरपुरती,
या बियांना ती पटत नाही.
झाकणावर ठळक लिहिलं, खाऊ नये.
तरी चिरंजीवांनी उघडलाच.
आई, यात माती आहे.
हो.
शंभर दिवस.
वीज गेली की मी फ्रिजवर गोधडी टाकायचे.
उपयोग शून्य, माहीत होतं.

फाल्गुनात एकीला शिवणीवर चीर गेली.
वर काहीच नाही.
आधी खाली, पांढरं, सरळ, कुणालाही न विचारता.
सोटमुळाला कुंडी पुरत नाही म्हणून
प्लंबरकडून चार इंची पाईपचा हातभर तुकडा आणला,
उभा करून मातीनं भरला.
बाकीच्या सहा अजून गप्प आहेत.
दर रविवारी डबा उघडते, वास घेते, लावून टाकते.

शिंत्रे गच्चीवर येऊन बघून गेले.
जगेल कदाचित, म्हणाले, फळणार नाही.
दांड्याजोगं लाकूड व्हायला चाळीसेक वर्षं.
मला बासष्टावं चालू आहे.
हिशेब मी केला नाही,
तो आपला आपणच झाला, जिना उतरताना.

हातोडीला बाभळीचा दांडा बसवून घेतलाय. साठ रुपये.
बाभूळ वाईट नाही.
जरा खरबरीत आहे,
अंगठा कुठे टेकायचा ते अजून ठरलेलं नाही.